बारकीच्या दाढेवरचा डाग

मी एक जुनी दुधाची दाढ आहे. जुनी म्हणजे चार वर्षं तोंडात काढलेली. खरं तर माझा मुक्काम अकराव्या-बाराव्या वर्षापर्यंतचा, पण सहाव्या वर्षीच मला उचकटून काढलं. मित्रांनो, असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते; माझं माणसांशी फारसं सख्य उरलेलं नाही. का नाही, ते ऐका.

माझी घडण बारकीच्या जन्माआधीच सुरू झाली. ती आईच्या पोटात असताना तिच्या हिरडीच्या आत माझ्यावर पांढऱ्या कवचाचे थर चढत होते. सातव्या महिन्यात आई आठवडाभर तापाने फणफणली आणि बारकी दिवस भरायच्या आतच बाहेर आली. दीड किलोसुद्धा नव्हती, म्हणून तर नाव पडलं बारकी. तीन आठवडे ती काचेच्या पेटीत होती, श्वासही नळीने. अशा वेळी शरीर जीव वाचवायला धावतं, दाढेकडे कोण बघतो? माझं कवच कच्चं राहिलं, आणि हे कवच मागाहून भरून येत नाही. त्याबद्दल माझा कुणावर राग नाही. राग पुढचा आहे.

दोन वर्षांनी मी हिरडीतून वर आले, तेव्हा घरात कौतुक झालं. बाबा फरशीला पॉलिश करण्याचं काम करायचे. त्यांनी बोट घालून मला चाचपलं आणि म्हणाले, "शाब्बास! आता पोरगी चावून खाईल." वर्षभर मी इमानाने काम केलं. मग त्यांना माझ्या माथ्यावरचा पिवळट तपकिरी डाग दिसला.

"डाग म्हणजे घासायची राहिलेली जागा," हे त्यांचं धंद्यातलं ठरलेलं वाक्य. वीस वर्षं फरश्या चमकवलेल्या माणसाला डागाचं दुसरं कारण सुचेलच कसं? रोज सकाळी ते बारकीला बेसिनपाशी उभं करायचे, हनुवटी घट्ट धरायचे आणि कडक ब्रशने, खरखरीत मंजनाने मला रगडायचे. मी आधीच कच्ची. माझे कण सुटू लागले. आधी थंड पाणी झोंबायचं, पुढे नुसता ब्रश लागला तरी कळ जायची.

"बाबा, दुखतंय."

"दुखतंय म्हणजे घाण निघतेय. आ कर. अजून मोठा."

दुखतंय म्हटलं की जास्त घासतात, एवढं बारकीला चौथ्या वर्षीच समजलं. ती मूग गिळून बसायला शिकली. एकाच बाजूने चावायची आणि बाबांनी विचारलं की हसून दाखवायची.

आईच्या वाट्याला वेगळीच बोलणी. "तूच गोड चारतेस, म्हणून ही गत," असं बाबा म्हणायचे आणि आई उलटून बोलायची नाही. तो ताप तिच्या मनात घर करून बसला होता. तिला वाटायचं, आपलंच काहीतरी चुकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! मला त्या माणसाचा असा संताप यायचा की बोट आत आलं की कडकडून चावावं. पण दाढ आपल्या मनाने चावत नाही.

सहाव्या वर्षी माझा कोपरा तुटला आणि बारकीचा गाल सुजला, तेव्हा कुठे दातांच्या डॉक्टरीणबाई आठवल्या. त्यांनी मला नीट पाहिलं आणि आईला विचारलं, "हिचे दिवस भरले होते का हो?"

आईने ताप, पेटी, नळी, सगळं सांगितलं.

"मग हे गोडाचं नाही. दाढ घडतानाच कच्ची राहिलीये. नेमकं कशामुळे ते मलाही नाही सांगता येणार, पण तुमची चूक नाहीये ही." आईला रडू फुटलं. बाई बाबांकडे वळल्या. "एवढी झिजली कशाने पण?"

"घासायचो मी," बाबा म्हणाले. "तिच्या चांगल्यासाठीच."

"तेव्हाच आणली असती तर टोपी बसवून वाचवली असती. आता काढावीच लागेल."

त्यांनी मला काढून ट्रेमध्ये ठेवलं. बाबांचे डोळे भरून आले होते. मला दया आली नाही.

मग बाईंनी पुन्हा बारकीच्या तोंडात डोकावलं. माझ्या मागे महिन्यापूर्वी नवी दाढ उगवली होती. ती दुधाची नव्हे, जन्मभराची. तिच्यावरही तसाच डाग होता.

"ह्या नव्या दाढेला थंड पाणी झोंबतं का गं?"

बारकीने बाबांकडे बघितलं आणि म्हणाली, "नाही."

"दुखत नसेल तर सहा महिन्यांनी बघू," असं म्हणून बाईंनी दिवा बंद केला.

मी महिनाभर त्या दाढेची शेजारीण होते. पाण्याचा घोट लागला की बारकी डोळे मिटून कशी कळवळायची, ते मला ठाऊक आहे. पण ट्रेमधल्या दाढेचं कोण ऐकतं?

म्हणून मित्रांनो, दुखलं तर दुखतंय म्हणा, कुणी ऐकलं नाही तर दहादा म्हणा. आणि एवढं घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा: तुमचं मूल "दुखत नाही" म्हणालं, तर लगेच खूश होऊ नका. ते कुणाकडे बघून तसं म्हणालं, ते आधी बघा.