आमच्या घरच्या पत्त्यावरून

दोन माणसं दारात उभी राहिली तेव्हा सासूबाई भाजी निवडत होत्या. दोघंही साध्या कपड्यांत होती. पण पस्तीस वर्षं इस्पितळात परिचारिका म्हणून काढलेल्या बाईला पोलीस ओळखायला गणवेश लागत नाही.

"या पत्त्यावरून एका दुकानदाराला धमक्या गेल्यात," त्यातला वयस्कर अधिकारी म्हणाला. "घरातले सगळे कॉम्प्युटर ताब्यात घ्यायचेत."

सासूबाईंनी भाजी बाजूला सारली. "बसा. सून ग्रंथालयात कामाला आहे, वीस मिनिटांत येईल. तोवर कशाला हात लावायचा नाही. आणि आधी कागद दाखवा."

भानगड कशाची ते त्यांना ठाऊक होतं. चपलांच्या कपाटावर पुस्तकाएवढा एक डबा दीड वर्षापासून घोंघावत होता. सुनेनं त्याच्यासाठी इंटरनेटची वेगळी लाइन घेतली होती. लोकांना ओळख न देता इंटरनेट वापरता यावं म्हणून जगभरातले काही हौशी लोक अशा डब्यांतून त्यांचे निरोप हातोहात पुढे सरकवतात. त्यातला शेवटचा हात सुनेचा. त्यामुळे बाहेरच्याला वाटणार, सगळं याच घरातून आलं.

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी!" डबा बसवला तेव्हा सासूबाई कडाडल्या होत्या.

मग सुनेनं एक गोष्ट सांगितली. ग्रंथालयात एक बाई आली होती. नवरा मारायचा, आणि रोज तिचा फोन तपासायचा, घरातल्या लाइनवर कोण काय बघतं तेही पाहायचा. मदत कुठे मिळेल हे त्याला न कळता शोधायचं कसं, एवढंच तिला विचारायचं होतं. "जिन्यावरून पडले" म्हणणाऱ्या कितीतरी बायकांच्या जखमा त्यांनी स्वतः बांधल्या होत्या. त्या दिवसापासून डब्यावरची धूळ त्याच पुसू लागल्या.

सून धापा टाकत आली. घोटभर पाणी प्यायली आणि अधिकाऱ्यासमोर बसली.

"कुणी पाठवलं ते तुमच्या यंत्रात असेलच," तो म्हणाला.

"नाही साहेब. निरोप माझ्याकडे दुसऱ्या अशाच यंत्राकडून येतो. त्याच्या मागे कोण आहे ते मला दिसत नाही, आणि मी नोंदीही ठेवत नाही. पण माझं म्हणणं खरं मानू नका. अशा यंत्रांची यादी सगळ्यांसाठी उघडी आहे. तुमच्याच फोनवर आमच्या लाइनचा इंटरनेटवरचा पत्ता आणि धमकीची तारीख टाका."

त्यानं टाकली. एकदा वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पत्ता यादीत होता, तारीखही जुळत होती.

"पण धमकी देणाऱ्याचं फावलंच ना?"

"फावलं," सून म्हणाली. "त्या दुकानदाराचं मला वाईट वाटतं. पण एका नालायकासाठी बाकीच्यांचा रस्ता मी बंद करणार नाही."

सासूबाईंना राहवलं नाही. "साहेब, माझ्या वॉर्डात मार खाणारे यायचे, तसे मारणारेही यायचे. टाके दोघांनाही घातले. म्हणून इस्पितळाला कुलूप लावा, असं तुम्ही म्हणाला नसता."

अधिकाऱ्याला हसू आलं. त्यानं सुनेचा जबाब लिहून घेतला, तिची सही घेतली आणि रिकाम्या हातानं उठला. "यादी आम्हीच आधी बघायला हवी होती," जिना उतरता उतरता तो जोडीदाराला म्हणाला, ते वरपर्यंत ऐकू आलं.

संध्याकाळी मुलगा घरी आला आणि सगळं ऐकून हबकला. "बंद करून टाकू या का? कशाला नसती ब्याद?"

"तुझी बायको पोलिसांपुढे ताठ मानेनं बोलली," सासूबाई म्हणाल्या, "आणि तू घरात बसून शेपूट घालतोस?"

मुलगा ओशाळला. सून खाली मान घालून हसली. सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. इतक्या वर्षांत असं कधी केलं नव्हतं, त्यामुळे दोघीही जरा अवघडल्या.

सकाळी शेजारीण जिन्यात आडवी आली. "काल पोलीस आले होते म्हणे तुमच्याकडे?" तिनं आवाज अगदी खाली आणला होता.

"आले होते की!" सासूबाई सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा बोलल्या. "माझ्या सुनेकडून शिकून गेले. थांबा, पहिल्यापासून सांगते."

शेजारणीचं दूध गॅसवर उतू गेलं, पण सासूबाईंनी तिला सोडलं नाही.