पहिली मुंगी आली की सांगा

मी अर्धा तुंबा बोलतोय. अर्धाच. उरलेला अर्धा कुठाय ते पुढे सांगतो, आधी मला हसून घ्या. डोकं माझं पोकळ आणि सगळा जन्म गेला दुसऱ्यांची डोकी रंगवण्यात. अशी माणसं तुमच्याकडेही असतील. नावं घेत नाही.

पोर्तो रिकोच्या डोंगरात केब्राडा सेका नावाची वाडी आहे. तिथल्या एका परसात झाडाच्या खोडालाच चिकटून मी वाढलो; आमच्याकडचा तुंबा वेलीला नाही, झाडाला लागतो. फांदीवर बसायची ऐट मला कधी नव्हतीच. त्या घरची मालकीण नेरेइदा. तिनं मला तोडलं, पोटावर सुतळी आवळून करवतीनं मधोमध कापलं, उकळलं, चमच्यानं गर खरवडला आणि उन्हात ठेवलं. एकाचे आम्ही दोन झालो. भावाच्या वाट्याला तांदूळ मोजणं आलं, माझ्या वाट्याला मध.

दर शनिवारी नेरेइदाच्या पायरीवर चार बायका जमायच्या. माझ्यात मध, दळलेली दालचिनी, चमचाभर तेल, घोटभर पाणी. बोटानं घोटायचं आणि जिनं घोटलं तिनं बोट चाटायचं, असा नियम. मग एकमेकींच्या केसांना चोपडायचं, वर दुकानातली प्लास्टिकची पिशवी बांधायची आणि उन्हात बसायचं. कशाला? तर काळे केस जळक्या साखरेच्या रंगाचे व्हावेत म्हणून.

होत होते का? खरं सांगू? थोडेसे. त्यातलं निम्मं काम ऊन करायचं, निम्मं जीभ.

"अगं, काय उजळलेत गं तुझे!"

"चल, तुझेच बघ ना!"

दोघी खोटारड्या, दोघी खूश.

किती वेळ बसायचं, याला घड्याळ नव्हतं. नेरेइदाचा कायदा होता: पहिली मुंगी डोक्यावर चढली की धुवायचं. आधी धुतलं तर रंग कच्चा, उशिरा धुतलं तर बोंबाबोंब. म्हणून बायका समोरासमोर बसायच्या. हिची मुंगी तिनं बघायची, तिची हिनं. स्वतःच्या डोक्यावरची मुंगी कुणाला दिसलीय?

नेरेइदाचा नवरा डॉन तेयो. डॉन म्हणजे आमच्याकडचं 'राव', बाईमाणसाला 'दोन्या'. वाडीच्या बेसबॉलच्या मैदानावर चाळीस वर्षं चुन्याच्या रेषा मारल्या त्यानं. रेघ अशी सरळ, की दोरी लाजेल. बोलणं मात्र सगळं तिरकं. "पावाला लावा तो मध," तो म्हणायचा, "डोक्यात काय शिरणार आहे तुमच्या!"

"चाळीस वर्षं मी तुझ्या डोक्यात काही घालायला बघतेय," नेरेइदा म्हणायची, "शिरलं का? मग गप्प बस."

मग नेरेइदा गेली.

मुलगी मारिसेल ऑर्लंडोहून आली, रडली, आणि माझ्या भावाला पेटीत घालून घेऊन गेली. तिकडे त्याला म्हणे भिंतीवर टांगलाय. शोभेला! जन्मभर तांदूळ मोजलेला गडी, आता फिरायला गेलेल्या पाहुण्यासारखा नुसता बघत बसतो. पहिल्या शनिवारी बायका सूप घेऊन आल्या तर डॉन तेयो आतूनच म्हणाला, "झोपलोय." दुसऱ्या शनिवारी फाटकाला साखळी लागली, साखळीला कुलूप.

मला त्यानं फळीवर ठेवलं आणि माझ्यात गंजके खिळे आणि तुटकी बटणं टाकली. एक कोळी राहायला आला. दोन महिन्यांत तोही कंटाळून गेला. मैदानावर आता रेषा मारायची गाडी आली होती. डॉन तेयो खिडकीतून खाली बघायचा आणि मला सांगायचा, "तिसऱ्या बेसची रेघ वाकडी आहे." दिवसभरात एवढंच एक वाक्य. तेही खिळ्यांना.

यंदा वाडीचा संघ अंतिम सामन्यात गेला आणि सगळ्यांना वेड लागलं. आधी खेळाडूंनी केस पिवळे केले. मग त्यांच्या भावांनी, आयांनी, न्हाव्यानं. चर्चची घंटा वाजवणाऱ्यानंही केले. एकाचं तर कुत्रं पिवळं झालं, बिचाऱ्याला कुणी विचारलंही नाही. आसपासच्या गावांतलं केस रंगवायचं औषध संपलं. रविवारी अख्खी वाडी पिवळ्या डोक्यानं मैदानात बसणार होती. आणि ज्यानं ते मैदान चाळीस वर्षं आखलं, त्याला तिथं जागा आहे की नाही, हे सांगायला डोंगर चढून कुणी आलं नव्हतं.

गुरुवारी डॉन तेयो मला म्हणाला, "बोलावलं नाही तर जायचं नाही."

शुक्रवारी म्हणाला, "पण डोकं पिवळं करून गेलो, तर ते म्हणतील, अरे, ह्याला बोलवायचं राहूनच गेलं. राहून गेलं म्हणतील. बोलावलं नाही म्हणणार नाहीत."

शनिवारी सकाळी त्यानं माझ्यातले खिळे ओतले आणि मला धुतलं. काय सांगू, किती दिवसांनी पाणी लागलं अंगाला! मध होता. दालचिनीच्या बरणीत नुसता वास उरला होता. डॉन तेयोनं विचार केला. शेंद्रीच्या बिया तेलात गरम केल्या की त्या तेलानं आमच्याकडे भात पिवळा होतो. मग भात पिवळा होतो तर माणूस का नाही? मूठभर बिया कढवल्या, तेल निववलं आणि माझ्यात ओतलं. केस उजळायचं औषध घोटत होता गडी, आणि डोक्यावर एक काळा केस नव्हता. सगळं पांढरं! बोट मात्र चाटलं त्यानं. नियम तो नियम.

पिशवी बांधून तो नेरेइदाच्या पायरीवर बसला. मी शेजारी. समोर कुणी नाही.

पहिली मुंगी मी पाहिली. सदऱ्यावरून वर निघाली, कानामागून पिशवीत शिरली. मी ओरडलो. पण तुंब्याचं ओरडणं ते किती! मग दुसरी आली. मग पाहुणे-रावळे घेऊन तिसरी.

"आली का?" डॉन तेयोनं विचारलं.

कोंबडं आरवलं, दुसरं काही नाही.

"नेरेइदा, आली का गं?"

बोलून गेला आणि स्वतःचाच आवाज ऐकून थांबला. दाराकडे वळलेली मान त्यानं हळूच सरळ केली. मी जन्माचा टवाळ, पण तेव्हा मला एक टवाळी सुचली नाही.

तेवढ्यात मुंग्या चावल्या.

असा उडाला म्हातारा, की मला लाथ बसली आणि मी पायऱ्यांवरून गडगडत खाली. काठापासून बुडापर्यंत तडकलो. तो फाटकाशी पोचला, तर कुलूप! बोंब ऐकून खालच्या घरातली दोन्या चेफा बादली घेऊन धावली. शनिवारच्या चौघींतली एक. तिचंही डोकं पिवळं.

"मेल्या, उघड की!"

"किल्ली खिशात आहे!"

"मग काढ!"

"हात मधाचे आहेत!"

चेफानं गजांतून हात घातला. "या वयात मला तुझ्या खिशात हात घालायला लावलास. नेरेइदा वरून बघत असेल, तूच सांग तिला काय ते."

नळाखाली तिनं त्याचं डोकं धुतलं, पिशवी ओढून काढली आणि मटकन खालीच बसली. हसून हसून तिचा श्वास अडकला. "अरे देवा! आमची टाळकी भाजली त्या औषधानं, आणि हा बघा! लग्नातला भात! अख्ख्या वाडीत सगळ्यांत पिवळा!"

पांढऱ्यावर रंग बसतोच हो.

डॉन तेयोनं तोंड पुसलं. "इतके महिने आली नाहीस."

"दोनदा आले," चेफा म्हणाली. "साखळीशी बोलून परत गेले."

त्यानं मान पुढे केली. ती त्याच्या मानेवरच्या मुंग्या एकेक करून वेचत राहिली.

रविवारी तो तिच्या शेजारी बसला, अख्ख्या वाडीच्या मधोमध. संघ नऊ धावांनी हरला. डॉन तेयोच्या मते, तिसऱ्या बेसची रेघ वाकडी होती म्हणून.

आता दर शनिवारी बायका चेफाच्या पायरीवर जमतात आणि तोही तिथंच असतो. तिथं नवं भांडं आहे, काचेचं. मी इथं. तडकलेल्या तुंब्यात मध कोण ओतणार? रडत नाही मी. वरच्या फळीवर बसून खालचं हसणं ऐकतो. वारा तिकडून असला तर दालचिनीचा वासही येतो. खिळे परत आले नाहीत. माझ्यात आता फाटकाची साखळी पडून असते. जड आहे मेली, पण तिची जागा इथंच बरी.

एकच मागणं आहे. वाटेनं जाताना कुणी एकटं माणूस डोक्याला काहीबाही लावून पायरीवर बसलेलं दिसलं, तर हसा, पोट धरून हसा. पण थांबा जरा. त्याच्या डोक्याकडे बघा. आणि पहिली मुंगी आली की त्याला सांगा.