रॉकेलमध्ये सुटणारा अंगरखा

चौकोनी काचेच्या नळीच्या तळाशी एक तपकिरी रेघ जमली होती, नखाने ओढावी तेवढी बारीक. सकाळी नळीतला द्रव वरपासून खालपर्यंत सारखा होता. अशी रेघ दिसली की मी ओळखतो, आता बोलणी मलाच बसणार.

मित्रांनो, मी भावनगरच्या एका कॉलेजातला जुना कणमापक आहे. इथे लोहचुंबकाचे अतिसूक्ष्म कण रॉकेलमध्ये तरंगत ठेवतात. ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून प्रत्येकाला ओलिक नावाच्या तेलकट आम्लाचा अंगरखा चढवतात. मी त्यांच्यावर लाल प्रकाश सोडतो. लहान कण चपळ थरथरतो, मोठा आळसावून. त्यावरून मी आकार सांगतो. अंदाज करत नाही, कुणाची भीडही ठेवत नाही.

मी नवा आलो तेव्हा इथल्या प्राध्यापक बुचसाहेबांनी मला हार घातला होता. आता माझे झाकण बसत नाही, म्हणून डोक्यावर वीट आहे. गाठिये खाल्लेल्या बोटांनी नळ्या धरतात आणि तेलाच्या डागांचा हिशेब माझ्याकडून मागतात!

साहेबांची विद्यार्थिनी जिगीषाबेन हिचा प्रबंध या अंगरख्यावरच होता. तो टिकतो, हे तिला दाखवायचे होते. पण माझा आकडा दर वेळी वाढलेला.

"साहेब, कण पुन्हा मोठे आले."

"म्हातारा चळलाय," साहेब माझ्या कुशीवर एक थाप मारून म्हणत. "घाल परत नळी."

"आत्ताच घातली होती."

"मग आणखी एकदा घाल. यंत्राला काय कंटाळा येतो?"

येतो हो, येतो! पण सांगू कुणाला?

खरी गोष्ट अशी. मूळ द्रव काळाकुट्ट. त्यातून प्रकाश जाईना, म्हणून तो पातळ करावा लागतो. इथे तो साध्या रॉकेलने पातळ करत. ही रीत साहेबांच्या गुरुजींची, म्हणून तिला कुणी हात लावत नसे. साध्या रॉकेलमध्ये आम्ल नसते, म्हणून कणांवरचे आम्ल सुटून त्यात उतरते. उघडे पडलेले कण एकमेकांना बिलगतात. मी घोळके मोजतो आणि घोळके सांगतो. यात माझे काय चुकले?

एकदा जिगीषाबेनने पातळ करायच्या रॉकेलमध्ये आधीच थोडे आम्ल मिसळले. आकडा लहान आला आणि जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिने साहेबांना दाखवले. त्यांना सगळे कळले होते. त्यांचे आजवर छापलेले आकडे साध्या रॉकेलमधलेच होते.

"दिवाळीनंतर बघू," ते म्हणाले. दिवाळीनंतर परीक्षा आल्या, मग लग्नसराई. प्रबंध अडकून पडला. तिच्या बापूजींचा फोन येई, "बेटा, तुझे कण मोठे झाले म्हणतेस, आता तू कधी मोठी होणार?" ती हसून फोन ठेवी आणि खिडकीपाशी उभी राही.

शेवटी साहेबांनी मला भंगारात काढायचे ठरवले. मजूर दोर घेऊन आले, तशी जिगीषाबेन आडवी आली.

"खुशाल न्या. पण साहेब, नवं यंत्रही हेच सांगेल. मग त्यालाही म्हातारा म्हणाल?"

"जास्त बोलतेस."

"दोन वर्षं गप्पच होते ना!"

साहेबांनी मजुरांना बाहेर थांबवले. वीट स्वतः उतरवली, काच रुमालाने पुसली. एक नळी साध्या रॉकेलची, एक आम्ल मिसळलेल्या रॉकेलची. दोन्ही त्यांनी आपल्या हाताने मोजल्या. जेवायची वेळ टळली तरी ते स्टुलावरून उठले नाहीत.

मित्रांनो, आमच्या काचा पुसा, आमच्या डोक्यावर विटा ठेवू नका. पण आम्ही नावडता आकडा दिला, तर थाप मारण्याआधी नळीत काय ओतलेत तेवढे बघा. आमची याहून मोठी सेवा नाही.

साहेबांनी चष्मा काढला.

"बेन, जुने नमुने सगळे काढ. आपले छापलेले आकडे चुकलेत. मासिकाला मी आजच कळवतो."