यंत्राचा वाटा

आमच्या धक्क्यावर मासा मारणं हे सगळ्यांत सोज्वळ काम. खरी मारामारी मासा मेल्यावर सुरू होते. बर्फवाल्याचा पुढचा दात कोळंबीच्या एका टोपलीपायी गेला, आणि तो पाडणाऱ्याचं कोपर अजून सरळ होत नाही. फिटंफाट झाली असं दोघंही म्हणतात, पण एका बाकावर बसत नाहीत.

बर्फवाला बर्फ विकतो ते नावापुरतं. तो उधारीवर डिझेल देतो, उधारीवर यंत्र बसवून देतो आणि बदल्यात सगळा मासा आपल्या भावाने उचलतो. त्याचा भाव म्हणजे बाजाराच्या निम्मा. नाववाल्याने त्याच्याकडून यंत्र घेतलं, तेव्हापासून नावेवर एक वाटेकरी वाढला. तो वल्हवत नाही, भिजत नाही, ओकत नाही, आणि वाटा मात्र सगळ्यांच्या आधी मागतो.

नाववाल्याच्या बहिणीला, ताईला, हे सलत होतं. तिचा नवरा त्याच नावेवर जायचा. सगळा धक्का त्याला जावई म्हणायचा. जाळं त्याचं स्वतःचं, ताईने विणलेलं. म्हणजे त्याचे वाटे दोन, एक जाळ्याचा आणि एक अंगाचा. ते दोन वाटे आपण स्वतः शहरच्या बाजारात नेऊन विकायचे, एवढंच तिचं मागणं.

"दादा, आमचा मासा आम्हाला दे. तुझा तू खुशाल त्याच्या घशात घाल."

"तो यंत्र काढून नेईल, ताई."

"नेऊ दे की. तुझ्या दंडांना काय वाळवी लागलीय?"

आमच्याकडे वाटणीची एक जुनी रीत आहे. माशाचे ढीग लावायचे. एकाने त्यांच्याकडे पाठ करून उभं राहायचं, दुसऱ्याने ढिगावर बोट ठेवून विचारायचं, "हा कुणाचा?" पाठमोरा ज्याचं नाव घेईल, ढीग त्याचा. मग तो विका, खा, नाहीतर परत समुद्रात टाका, कुणी आडवं येत नाही. बर्फवाल्याचा अंमल सुरू झाल्यावर असे ढीग फक्त घरी न्यायच्या माशांचे लागायचे. ताई म्हणाली, आता सगळ्या माशांचे लावा. बर्फवाल्याचा बापही मासेच मारायचा, त्यामुळे रीतीला नको म्हणायची त्याला सोय नव्हती. पण तो इतक्या चटकन हो म्हणाला, की नाववाल्याला रात्रभर झोप लागली नाही.

त्या सकाळी नाव बांगड्याने भरून आली, वर सात-आठ सुरमया. सहा ढीग लागले. नाव, यंत्र, जाळं, आणि माणसं तीन: नाववाला, जावई आणि मुका. मुका अखंड बोलतो, म्हणून मुका. पाठमोरा नेहमी तोच. ढीग नाववाल्याने लावले, बर्फवाल्याच्या डोळ्यांकडे बघत बघत, आणि झाडून सगळ्या सुरमया एकाच ढिगात गेल्या.

बोट ठेवायला ताई पुढे आली. घरच्या माशांच्या वाटणीला तिने एक गोष्ट हेरून ठेवली होती. बर्फवाला बघायला आला की नेमका चांगल्या ढिगापाशी त्याला खोकला यायचा, आणि मुक्याच्या तोंडून यंत्राचं नाव निघायचं.

पहिला ढीग मुक्याने स्वतःलाच दिला. मग ताईने सगळ्यांत बारक्या ढिगावर बोट टेकवलं, तोंडावर पालथा हात धरला आणि छातीतून पुरुषी खोकला काढला.

"हा कुणाचा?"

"यंत्राचा!" मुका इमानाने ओरडला.

"अरे गाढवा, हा नव्हे!" बर्फवाल्याच्या तोंडून निसटलं.

"मग कुठला, शेठ?" ताईने विचारलं.

मागे दुसऱ्या नावांच्या लिलावाला आलेल्यांपैकी कुणीतरी खो खो हसलं. सगळा घात त्या हसण्याने केला. बर्फवाल्याने बर्फ फोडायचा लाकडी हातोडा उचलला आणि मुक्याच्या कानशिलात घातला. मुका खवल्यांत तोंडावर पडला. "मोठा ढीग उचला रे!" बर्फवाला ओरडला, आणि त्याचे दोन हमाल पेट्या ओढायचे लोखंडी आकडे घेऊन पुढे झाले. जावई त्यांच्या आणि ढिगाच्या मध्ये उभा राहिला.

"अजून नाव पडलेलं नाही त्याला!" ताई किंचाळली. "मुक्या, हा कुणाचा?"

मुक्याने मान वर केली नाही. कानातून रक्त वाहत होतं. "जाळ्याचा," तो जमिनीशीच बोलला.

जावयाने पहिल्या हमालाला लाथ घातली आणि तो बांगड्यांवरून घसरत गेला. दुसऱ्याचा आकडा जावयाने चुकवला असता, पण नाववाल्याने त्याला मागून कव घातली. वाचवायला, असं तो अजून सांगतो. आकडा जावयाच्या हातात कोपराखाली घुसला आणि पलीकडून टोक दिसलं. हमालाने सवयीने पेटी ओढावी तसा तो ओढला.

तो आवाज इथे लिहिण्यासारखा नाही.

ताईने तराजूचं वजन उचललं आणि बर्फवाल्याचा उरलेला पुढचा दातही पाडला. नाववाला मेहुण्याच्या रक्ताने छातीपर्यंत भिजला होता. त्याने मिठी सोडली, नावेत उडी मारली आणि नांगर उचलून यंत्रावर घालायला सुरुवात केली. झाकण उडालं, नळ्या तुटल्या, तेल पाण्यावर पसरलं.

"फोड, फोड," बर्फवाला रक्त थुंकत म्हणाला. "यंत्र मेलं तरी हप्ते मरत नाहीत."

आणि ते खरंच होतं. नाववाला वाटा बंद करायला गेला होता, बंद झालं ते यंत्र. नावेचा वाटा आजही हप्त्यांतच जातो.

ताईने नवऱ्याचा हात शर्टाने आवळला आणि तिथेच लिलाव पुकारला. मोठा ढीग बर्फवाल्याच्या दुप्पट भावाने गेला. सुरमयांवरचं रक्त धुऊन टाकलं, गिऱ्हाइकाने कुणाचं म्हणून विचारलं नाही. ते पैसे दवाखान्यात गेले. हात राहिला, पण बोटं मिटत नाहीत.

पुढच्या खेपेला नाव वल्ह्यांवर गेली. जावयाच्या जागी ताई बसली. परत आल्यावर नाववाल्याने पाच ढीग लावले.

"सहावा कुठाय?" ताईने विचारलं.

"कुणाचा सहावा? यंत्र तर गेलं."

"ह्यांचा."

"घरी बसणाऱ्याला वाटा नसतो, ताई. रीत आहे."

"घरी बसवलं कुणी? हात कुणी धरले होते?"

नाववाला उकिडवा बसला आणि स्वतःच्या ढिगातले बांगडे एकेक करून बाजूला मांडू लागला.

ताई हातातलं वल्हं न ठेवता बघत होती.

"अजून दोन," ती म्हणाली.