जाळीतला पाऊस

मित्रांनो, केंदूरजवळच्या एका वाडीच्या माळावर, तारेच्या जाळीआड उभा असलेला मी एक जुना पर्जन्यमापक. जस्ताचा देह, वर नरसाळे, पोटात एक बाटली. माझे तोंड केवळ आभाळाकडे उघडते. जाळीच्या दाराला कुलूप आहे आणि किल्ली पावसाची नोंद ठेवणाऱ्या पोपटरावांच्या करदोड्याला.

मी इथे आलो तेव्हा कार्यशाळेची नवी झळाळी माझ्या अंगावर होती. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला पोपटराव येत, बाटलीतले पाणी काचेच्या मापात ओतत आणि वाकून डोळा पाण्याच्या रेषेला आणत. "काटेकोर माणूस," असे तपासणीला येणारे साहेब म्हणत. ती स्तुती मी माझीही समजत असे.

मग एका कोरड्या वर्षी शेजारच्या गावाला टँकर आला, आमच्या वाडीला आला नाही. आमच्या पावसाचा आकडा थोडा जास्त भरला होता. त्यानंतर मापात बेचाळीस दिसले तरी पोपटराव नोंदवहीत चौदा लिहू लागले. वाडीच्या मायेपोटीच, आणि उन्हाळ्यात टँकर येऊ लागला. उरलेले अठ्ठावीस मिलिमीटर मात्र माझ्यात कोंडून राहिले. अशी बावीस वर्षे. मी पाऊस जाणत होतो आणि सांगू शकत नव्हतो. तारेची जाळी सर्वांना दिसते. ही दुसरी जाळी कुणालाच दिसत नव्हती.

दरम्यान पाऊसही बदलला. महिनाभर रेंगाळणारा तो आता तीन दिवसांत कोसळून नाहीसा होऊ लागला. असे पाणी धरायचे, तर वाडीचा गळका पाझर तलाव दुरुस्त व्हायलाच हवा होता.

यंदा मार्चमध्ये करुणा आली. याच वाडीची लेक, शिरूरला पाणी-नियोजनाच्या कामावर. कोणत्या तलावाला आधी हात घालायचा, हे आता तिथला संगणक जुन्या नोंदींवरून सुचवतो.

"आप्पा, आपला तलाव यादीतनं उडाला," ती पोपटरावांना म्हणाली.

"मशिननं माती खाल्ली व्हय गं?"

"मशिन म्हणतं, तिथं पाऊसच न्हाई, तर साठवणार काय? तुमच्याच वहीतला पाऊस हाय त्यो."

पोपटराव जाळी धरून उभे राहिले. आत मी, बाहेर ते. कोण अधिक कोंडलेले होते, मला सांगता आले नसते.

त्यांच्या पत्नी मुक्ताबाई मागेच होत्या. "खरं बी लिवलंय की ह्यांनी, कॅलेंडरावर! म्हस व्याल्याची तारीख, आन् शेजारी पाऊस. माझ्या डब्यांच्या फळ्यांवर समदी अंथरलीत." त्या घरी गेल्या आणि जुन्या दिनदर्शिकांचा भारा घेऊन आल्या. डब्यांच्या तेलकट गोल डागांखाली बावीस वर्षांचा खरा पाऊस होता.

"खरं दिलं तर टँकर बंद व्हईल," पोपटराव पुटपुटले.

"व्हईल, आप्पा. तलाव व्हईपर्यंत हाल हायेत."

"हंडा माझ्या डोक्यावर असतोय, तुमच्या न्हाई," मुक्ताबाई नवऱ्याला म्हणाल्या. "ने गं पोरी."

तलाव यादीत परतला आहे. काम अजून सुरू व्हायचे आहे. टँकर थांबला. उन्हाळाभर मुक्ताबाई हंडा घेऊन माझ्यासमोरून गेल्या.

परवा सकाळी पोपटरावांनी मापात एकतीस पाहिले. पेन बराच वेळ कागदावर टेकून राहिले. मग त्यांनी एकतीस लिहिले.

मित्रांनो, माझी जाळी नीट ठेवा, नरसाळ्यातला पाचोळा काढा. आणि माझ्या पोटात जेवढे पडेल तेवढेच लिहा. कुलूप राहिले तरी चालेल. एवढ्याने माझा पाऊस बाहेर पडतो.