पडद्यावर दादाचं अंग भरलं

मॉनिटर माझ्या कामासाठी आणला होता. हे सुरुवातीलाच सांगून ठेवते, कारण आमच्या घरात माझ्याशिवाय ही गोष्ट कुणीच मान्य करत नाही.

मी मलकापूरच्या एका फ्लेक्सवाल्यासाठी घरी बसून डिझाइन करते. आमच्या भागात माणूस जन्मला, निवडून आला, पडला किंवा गेला तरी त्याचा फ्लेक्स लागतो, आणि मूळ माणसाच्या खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग लागते. जुन्या चौकोनी पडद्यावर ती रांग मावायची नाही. म्हणून चांगला चोवीस इंची रुंद मॉनिटर घेतला, आमच्या कुंडल गावच्या घरी पुढच्या सोप्यात टेबलावर मांडला, वायरी जोडल्या, आणि मी खुर्ची आणायला आत गेले. परत येईपर्यंत आप्पा दुसरी खुर्ची घेऊन पडद्यासमोर बसले होते.

आप्पा म्हणजे माझे वडील, लालासाहेब. सैन्यात गाड्यांच्या तुकडीत होते, सुभेदार होऊन निवृत्त झाले. भरतीच्या वेळी डॉक्टरांनी त्यांच्या नजरेचं कौतुक केलं होतं. ते कौतुक आप्पा अजून पुरवून पुरवून वापरतात.

"अक्षरं मुंग्यांवानी दिसत्यात," ते म्हणाले. "मोठी कर."

"आप्पा, ह्या पडद्याला ह्येच रिझोल्यूशन बरोबर हाय. तुमी एकदा डोळं तपासून घ्या की."

"माझं डोळं ठीक हायत. पडदा तपास."

मग मी रिझोल्यूशन, म्हणजे पडद्याचं माप, उतरवत गेले आणि आप्पा माझ्या पाठीशी बसून, रिव्हर्स येणाऱ्या ट्रकला सांगावं तसे हात हलवत राहिले. येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे, बास. ट्रक थांबला तो जुन्या चौकोनी पडद्याच्या मापावर. अक्षरं बोराएवढी झाली. पण चौकोनी माप रुंद पडद्यावर ताणून बसवलं की सगळं आडवं पसरतं. बातम्या सांगणारी बाई पसरली, साखर कारखान्याचे चेअरमन पसरले, गोल घड्याळ अंड्यासारखं झालं. आप्पांना त्याचं काहीच वाटलं नाही. माजी सैनिकांच्या ग्रुपवरचे मेसेज त्यांना बिनचष्म्याचे वाचता येत होते, एवढं त्यांना पुरेसं होतं.

तेव्हाच हुकूम निघाला. दिवसा माझ्या कामाला मी काय वाटेल ते माप लावावं, पण संध्याकाळी आणि रविवारी पडदा आप्पांच्या मापावर पाहिजे. मी रोज बदलत होते, रोज परत लावत होते. एकदाच विसरले. कुंडलजवळच्या एका गावच्या उपसरपंचांचा वाढदिवसाचा फ्लेक्स आप्पांच्या मापावर बसून केला. पडद्यावर उपसरपंच सुजल्यासारखे दिसत होते, म्हणून बिचाऱ्यांना मी दोन्ही बाजूंनी आत दाबलं. छापून आले तेव्हा ते महिनाभर अंथरुणाला खिळल्यासारखे दिसत होते, आणि बोर्ड लागल्यावर त्यांच्या घरी तब्येतीची चौकशी करायला माणसं गेली. फ्लेक्सवाल्याने मला फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हे सगळं सहन करण्यासारखं होतं. खरी पंचाईत आईची झाली.

माझा मोठा भाऊ वीरधवल सैन्यात आहे. आता वर बर्फात आहे, कुठे ते तो सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही. मागच्या सुट्टीला आला तेव्हा त्याचे गाल बसले होते. आईने तो जाईपर्यंत त्याला तुपात बुडवून काढलं, तरी फरक पडला नाही. तो परत गेला त्या दिवशी ती जोतिबाला नवस बोलली. पोराचं अंग भरू दे, तुला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवीन, भावकीला जेवण घालीन, आणि तोवर गोडाला शिवणार नाही. ज्या घराच्या चारी बाजूंनी ऊस आहे त्या घरात ही बाई बिनसाखरेचा चहा पिऊ लागली. तोंड वाकडं करून प्यायची, पण प्यायची.

दादा रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल करतो. पूर्वी तो मोबाइलवर यायचा आणि आई म्हणायची, नखाएवढं त्वांड दिसतंय, ह्यात काय कळणार. मोठा पडदा आल्यावर मी त्यावर कॅमेरा लावून दिला. पहिल्याच रविवारी दादा पडद्यावर आला, मोबाइल उभा धरून, कानटोपीत. आप्पांच्या मापात. गाल असे भरलेले की कानटोपी छोटी वाटावी.

आई बघतच राहिली. मग तिने पदर डोळ्याला लावला.

"वीरू, भरलास की रं," ती म्हणाली. "लय भरलास. दृष्ट लागंल बाबा माझीच."

पलीकडे दादाने कानटोपी कपाळावर ओढली. 

"व्हय आई," तो म्हणाला. "खाणंपिणं चांगलं हाय हितं."

कॉल संपल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. मी खरं बोलणारी मुलगी आहे आणि त्याचा मला आजवर काडीचा उपयोग झालेला नाही.

"आई, ते पडद्यामुळं दिसतंय. आप्पांनी अक्षरं मोठी करून घेतल्यात न्हवं, त्यानं समदं आडवं ताणलं जातंय. तू बी जाड दिसत हुतीस बघ कोपऱ्यात."

"ते माझं त्वांड क्यामेरा खराब हाय म्हणून दिसतंय."

"आणि दादाचं?"

"त्येचं जोतिबानं केलंय."

 मी आप्पांकडे गेले. आप्पांना ताणलेला पडदा समजत होता, आयुष्यभर नकाशे बघितलेला माणूस. पण खरं मान्य केलं की माप बदलायचं, माप बदललं की अक्षरं बारीक, अक्षरं बारीक झाली की पलूसचा चष्मेवाला. त्यांनी पेपर वर धरला आणि त्याच्या आडून म्हणाले, "तुजी आई आनंदात हाय. तू कशाला काडी घालतीस?"

पुढच्या रविवारी दादा तितकाच भरलेला, त्याच्या पुढच्याही. आईने गल्लीत सांगून टाकलं. तिसऱ्या रविवारी तिने हरभऱ्याची डाळ काढली, आणि नवस फेडायचा दिवसही पुढचा रविवारच धरला, म्हणजे दादाला सगळ्यांना बघता येईल.

मला त्या आठवड्यात झोप लागली नाही, हे सरळ सांगते. जेवणाचं मला काही नव्हतं. पुरणपोळी कुठल्याही कारणाने झालेली चांगलीच. पण दादा खरंच कसा आहे ते मला कळत नव्हतं. मी त्याला मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावला की तो नुसत्या आवाजावर घ्यायचा, म्हणायचा रेंज नाही. फोटो पाठव म्हटलं की जुना पाठवायचा. दिवसा माझ्या मापावर बसून मी त्याचे जुने फोटो बघायचे आणि रविवारचं तोंड मनातल्या मनात दोन्ही बाजूंनी आत दाबायचे. जे उरायचं ते मला आवडायचं नाही.

नवसाचा दिवस उजाडला. सकाळी नैवेद्य झाला. दुपारी सोप्यात पंगत बसली, कटाच्या आमटीचा वास रस्त्यापर्यंत गेला. आई नवी साडी नेसली होती. फलटणहून शालूआत्या आली होती, आप्पांची थोरली बहीण. ती कुठल्याही कार्यात तक्रारीची जागा बघूनच बसते. पंगत उठायच्या बेताला दादाचा कॉल आला आणि सगळी भावकी हात वाळवत पडद्याकडे वळली.

"कसा गरगरीत झालाय बघा," कुणीतरी म्हणालं. आईने लगेच मीठमोहरी आणायला माणूस पाठवला.

"मला हितनं काय दिसत न्हाई," शालूआत्या मागून म्हणाली. "लालासाब, येवढा मोठा टीव्ही घेतलास आन पोरगं तेवढंच?"

थोरल्या बहिणीने चारचौघांत असं म्हटल्यावर माजी सुभेदार काय करणार. ते उठले.

"थांब आक्का. मोठा करतो."

"आप्पा, मी करते," मी हातातली पोळ्यांची पाटी ठेवत म्हणाले.

"तू वाढ. मला येतंय."

त्यांनी माउस हातात घेतला. मी रोज बदलताना ते मागे बसून बघायचे, त्यामुळे कुठे जायचं ते त्यांना पाठ होतं. यादी उघडली. यादीत आकडे होते, वर सगळ्यात मोठा, खाली खाली लहान. आप्पांनी सरळ विचार केला, जो त्यांच्या जागी कारखान्याच्या अख्ख्या संचालक मंडळाने केला असता. मोठं चित्र पाहिजे तर मोठा आकडा. त्यांनी सगळ्यात वरच्या आकड्यावर टिचकी मारली, आणि ते नेमकं माझं माप होतं, पडद्याचं खरं.

पडदा क्षणभर काळा झाला. मग उजळला.

दादा तिथेच होता, त्याच कानटोपीत. पण गाल नव्हते. हनुवटी टोकदार झाली होती, गळ्याचं हाड वर आलं होतं, आणि डोळ्यांखाली काळं होतं ते आता झाकलं जात नव्हतं.  शालूआत्याचा घास तोंडातच राहिला.

पडद्याच्या मधोमध एक छोटी चौकट आली. हे माप ठेवायचं की मागचं परत आणायचं, असं ती इंग्रजीत विचारत होती, आणि तिच्यातला आकडा एकेक करून उतरत होता. कुणी काही केलं नाही तर पडदा आपोआप पहिल्यासारखा होणार होता. ते तिथे मला एकटीलाच माहीत होतं. आप्पा चौकटीवर नाक टेकवून उभे होते. अक्षरं बारीक झाली होती आणि त्यांना त्यातलं एकही वाचता येत नव्हतं.

"ह्ये काय म्हणतंय?" त्यांनी हळूच विचारलं.

"परत पयल्यागत करू का, ईचारतंय," मी म्हणाले.  गप्प बसले असते तरी भागलं असतं. आणखी थोडा वेळ, की दादा परत भरला असता, आप्पा म्हणाले असते मशीन बिघडलं, भावकीने मान डोलावली असती, आणि आईला तिचा नवस फळला असता.  मी आईकडे बघितलं.

आई पडद्याजवळ गेली. तिने चौकट बघितलीच नाही.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "असंच ऱ्हाऊ दे."

मी आप्पांच्या हातातून माउस काढून घेतला आणि माप कायम केलं. चौकट गेली. तिच्यामागे दादाचं उरलेलं तोंडही दिसलं.

"वीरू," आई म्हणाली, "कवा आजारी पडला हुतास?"

"कोण म्हणतंय आजारी?"

"मी म्हणती."

दादाने कानटोपी काढली, परत घातली. "कावीळ झाली हुती गं. आता बरी झाली. दवाखान्यातनं सुटून आलो बी. वजन भरतंय हळूहळू."

"आणि सांगितलं न्हाईस."

"सांगणार हुतो. पयल्या रईवारी त्येच्यासाठीच फोन लावला हुता. तू पडद्यावर बघितलंस आन म्हणालीस, लय भरलास. रडाया लागलीस. मी म्हटलं, आता कशाला सांगायचं. तुला कसं काय वाटलं ते मला बी कळंना. आरशात बघून आलो मी त्या दिवशी."

कुणीतरी मागे हसलं आणि लगेच गप्प झालं. आप्पा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, म्हणाले डोळ्यांत धूर गेला. चूल परसात होती.

मला वाटलं आई आता रडेल, जोतिबाला बोलेल, किंवा आप्पांना. ती कुणालाच बोलली नाही. तिने माझी खुर्ची ओढली, पडद्याच्या अगदी जवळ नेली आणि भावकीकडे पाठ करून बसली.

"हे बघ," ती म्हणाली, "मी दर रईवारी हितं तुला बघाया बसती. जाड बघाया न्हवं."

 दादाने मोबाइल तोंडाजवळ आणला, इतका जवळ की पडद्यावर त्याचं सगळं वाळलेलं तोंड मावेना, आणि तसाच धरून ठेवला.