ठेक्याच्या जरा मागे

माझी मावशी आयुष्यभर उशिरा आली, आणि लोकांनी तिला त्यासाठीच बोलावले.

जॅझ गाणाऱ्यांमध्ये ही रीत जुनी आहे. ड्रम आणि बास ठेका धरून सरळ चालत राहतात. गायिका मात्र शब्द नेमक्या ठोक्यावर न ठेवता त्याच्या किंचित मागे ठेवते. ऐकणाऱ्याला क्षणभर वाटते, सुटले बाईंचे. आणि ओळ संपता संपता ती अशी समेवर येते, की जणू कधीची तिथेच बसून होती. मावशीला हे विशीच्या आतच जमले. ती आधी नाचाच्या हॉलमधल्या बँडबरोबर गायली, मग प्रवासी जहाजावर, मग हॉटेलांच्या भोजनगृहांत, जिथे काट्याचमच्यांच्या खणखणाटातून आवाज पोहोचवावा लागतो. साबणाच्या जाहिरातीही गायली. तिच्या दोन रेकॉर्डी निघाल्या. पैकी एक आमच्या घरी आहे, दुसरी कोणाकडेच नाही. लग्न तिने केले नाही. आईच्या मते तिथेही ती वेळेवर पोहोचली नाही, एवढेच.

या साऱ्या काळात तिच्या मागे एकच ड्रमवाला होता. त्याला सगळे खडूस म्हणत, आणि तोही हाकेला ओ देई. तो कोणासाठी थांबत नसे. गायिकेला शिंक आली तर शिंक ठेक्यात बसवण्याची जबाबदारी तिची, असे त्याचे मत होते. गेल्या वर्षी सांध्यांनी त्याला थांबवले आणि तो लेकीकडे राहायला गेला. त्याच्या जागी जो आला त्याला बँडने पहिल्याच आठवड्यात सज्जन हे नाव दिले. तिशी ओलांडलेला, शाळेत गणित शिकवणारा, मावशीसमोर खुर्चीच्या कडेवर बसणारा माणूस. हात चांगला होता. त्याबद्दल कोणाचे दुमत नव्हते.

त्यानंतरच्या काही महिन्यांत मावशीची गाणी ढेपाळू लागली. शब्द ठीक, सूर ठीक. पण गाणे निघताना जसे असे तसे संपताना नसे. हळूहळू हवा जाणाऱ्या टायरसारखे ते खाली येई. फर्निचरच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर एक छोटे सभागृह आहे, तिथे दर रविवारी पाच वाजता तिचा कार्यक्रम असे. तिथल्या मालकाने हे ओळखले. माणूस वाईट नव्हता. निरोपाचा एक मोठा कार्यक्रम करू, फुले, भाषणे, जुने फोटो, सगळे थाटात करू, असे त्याने सुचवले, आणि येत्या रविवारी कार्यक्रमाच्या शेवटी आपण स्वतः तशी घोषणा करू, हेही सांगून टाकले. मावशीने विचारले, त्यानंतर काय? त्यानंतर विश्रांती, तो म्हणाला. विश्रांती म्हणजे काय हे मावशीला ठाऊक होते. तिची थोरली बहीण, म्हणजे माझी आई, गेली काही वर्षे ती घेतच होती.

आईला बातमी आवडली. जेवताना तिने तसे बोलूनही दाखवले.

“मानाने उतरायला सांगतायत तर मानाने उतर. नाहीतर उद्या दंड धरून उतरवतील.”

“ताई, तू तुझ्या गुडघ्यांचं बघ,” मावशी म्हणाली. “गळ्याचं मी बघते.”

एरवी या वाक्यावर आईने निदान दोन उत्तरे दिली असती. पण मावशीच्या बोलण्यात जोर नव्हता, आणि ते आईच्याही लक्षात आले असावे. तिने मावशीच्या पानात भाजी वाढली. आई हात धुवायला उठली तेव्हा मावशीने माझ्याकडे न पाहताच विचारले, “तुझ्याकडे ती कानाची यंत्रं असतात ना? माझं काय सुटलंय ते मोजून सांग. मन राखायला काही सांगायचं नाही. सुटलंच असेल तर रविवारी माइकवर मीच सांगेन, मालकाला कशाला त्रास.”

मी श्रवणाच्या प्रयोगशाळेत काम करते. आपल्याला ऐकू आले असे माणसाला जे वाटते आणि प्रत्यक्षात जे वाजलेले असते, त्यांतले अंतर मोजणे हा माझा व्यवसाय. मावशीच्या बाबतीत मालकाचे, आईचे आणि खुद्द मावशीचे स्पष्टीकरण एकच होते: वय. म्हाताऱ्या माणसाबद्दल हे स्पष्टीकरण सर्वांत आधी सुचते, कारण त्याला कोणतेही उपकरण लागत नाही. ते चूकच असेल असे मात्र मी धरले नव्हते. उलट, मावशी पूर्वीपेक्षा ठोक्याच्या अधिक मागे पडत असणार, अशी माझीही अटकळ होती. जुने आणि अलीकडचे जेवढे ध्वनिमुद्रण हाती लागले तेवढे घेऊन मी प्रत्येक शब्द आणि त्याचा ठोका यांतले अंतर काढले.

निष्कर्ष अटकळीच्या नेमका उलट निघाला. पूर्वी ती ठोक्याच्या बरीच मागे असे. आता ती जवळजवळ ठोक्यावरच गात होती, शाळेच्या प्रार्थनेसारखी. आणि तरीही प्रत्येक कडवे आधीच्या कडव्यापेक्षा संथ होत होते.

शुक्रवारी दुपारी तालमीच्या वेळी मी हे सांगितले. खुर्च्या एकावर एक रचून भिंतीशी लावलेल्या होत्या, खालून रंधा मारल्याचा आवाज येत होता आणि पॉलिशचा वास जिन्याने वर चढत होता. मावशी पियानोला टेकून ऐकत होती. मग म्हणाली की गाणं रेंगाळतंय हे तिला कळत होतं. आपणच रेंगाळतोय असं वाटून तिने ठोका गाठायला सुरुवात केली. एवढे बोलून ती सज्जनकडे वळली.

“तू माझी वाट बघतोस का रे?”

तो उभाच राहिला. “म्हणजे... तुम्ही यायच्या असता तेव्हा जरासं. तुमची धावपळ नको म्हणून.”

पियानोवाल्याने कपाळाला हात लावला. आपण गेले कित्येक महिने ड्रमच्या मागे जातो आहोत, त्याने सांगितले. त्या दोघांचे काही ठरले असेल अशी त्याची समजूत होती.

दारात दोन सभ्य माणसे समोरासमोर आली की ‘तुम्ही आधी, तुम्ही आधी’ म्हणत दोघेही बाहेरच राहतात. इथे तेच झाले होते. मावशी मुद्दाम मागे राही. ती थकली असे वाटून सज्जन तिच्यासाठी थांबे. तो थांबला की ठोका तिच्याजवळ येई, म्हणून ती आणखी मागे सरके. तो आणखी थांबे. शेवटी चूक आपलीच समजून ती ठोका गाठू लागली, तरी त्याचे थांबणे सुटले नाही. खडूसच्या हाताखाली जी चूक होणे अशक्य होते, ती एका सुसंस्कृत माणसाकडून आदरापोटी दर रविवारी होत होती.

“अरे, तू थांबलास तर मी कोणाच्या मागे राहू?” मावशी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण त्यात गेल्या आठवड्यात नव्हते असे काहीतरी होते.

मी एक चाचणी सुचवली. सज्जनच्या कानांवर हेडफोन चढवून त्याला फक्त बास ऐकवला. मावशीचा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचेना, आणि ठेका पहिल्यापासून शेवटपर्यंत तसूभरही हलला नाही. हेडफोन काढले, तेच गाणे पुन्हा घेतले. दुसऱ्याच ओळीला त्याचा हात मवाळ झाला. त्याला कारण पटले होते, हाताला पटले नव्हते. मग रविवारीही हेडफोन लावावेत, असे मी म्हटले.

“मुळीच नाही,” मावशी म्हणाली. “कानात बोळे घालून कोणी साथ करतं का? ऐकायचं, आणि तरी थांबायचं नाही.”

सज्जनने मान हलवली. परीक्षेला बसणाऱ्याचा चेहरा मी ओळखते.

रविवारी आई माझ्या शेजारी बसली होती. मालक टाय लावून मंचाच्या पायऱ्यांशी उभा होता आणि ओठांतल्या ओठांत भाषण घोळवत होता. एक सोडून सगळी गाणी मावशीने ठोक्यावरच गायली. सुरक्षित, स्वच्छ आणि कंटाळवाणी. निरोप द्यायला अगदी योग्य. शेवटपर्यंत असेच गायले असते तर काहीही बिघडले नसते, आणि घोषणाही झाली असती.

यादीतले शेवटचे गाणे संथ होते. पहिल्या शब्दाचा ठोका आला. मावशीने तो जाऊ दिला.

सज्जनचा खांदा किंचित खाली आला. ही त्याची थांबण्याची खूण, तालमीत मी पाहिली होती. मग त्याने मान वळवून बासवाल्याच्या बुटांवर नजर रोवली आणि हात चालू ठेवला. मावशीने शब्द उचलला तो इतका मागून, की जुन्या कोणत्याही ध्वनिमुद्रणात ती इतकी मागे मला आढळलेली नाही. हा माझ्या कानांचा अंदाज, मोजमाप नाही. आईने माझे मनगट धरले आणि पुटपुटली, “चुकली गं ही.” ठेका पुढे, मावशी मागे, दोघांमधली जागा वाढत चाललेली, आणि सज्जन घामाने चिंब होऊन तिला खुशाल मागे सोडून चाललेला. ओळ संपत आली. तिने उरलेले तीन शब्द घाई न करता एकापुढे एक ठेवले, आणि शेवटचा नेमका तिथे पडला जिथे तो पडायला हवा होता. पुढच्या रांगेत कोणीतरी हसले. झोका वर गेल्यावर येते तसले हसू. आईने मनगट सोडले नाही.

गाणे निघाले त्याच लयीत संपले. टाळ्या चालू असतानाच मालक ठरल्याप्रमाणे पायऱ्या चढू लागला. मावशीने त्याला पाहिले, आणि सज्जनकडे वळून चुटकी वाजवत यादीबाहेरच्या आणखी एका गाण्याची लय दिली. लय चांगलीच जलद होती. मालक मधल्याच पायरीवर अडकला. पहिल्या कडव्यापर्यंत तो नुसता उभा होता, दुसऱ्यात त्याचा पाय ठेका धरू लागला, आणि तिसऱ्यात तो खाली उतरून खुर्चीत बसला.

“एवढं धावायची काय गरज होती हिला?” आई म्हणाली. तिने डोळे पुसले, आणि पॉलिशच्या वासाने ते चुरचुरत असल्याचे मला न विचारता सांगितले.

नंतर चहाच्या वेळी मालकाने निरोपाचा कार्यक्रम जरा पुढे ढकलू म्हटले. पुढे ढकलू नका, काढूनच टाका, मावशीने सांगितले. आणि त्याने तो काढला. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, हे मी इथेही नमूद करते. पण आता दर रविवारी नवे निरीक्षण मिळणार आहे, आणि माझ्या विषयात एवढी सोय क्वचितच होते.

सज्जन मात्र अजून पांढरा पडलेला होता. हातातला कप खाली ठेवून तो मावशीजवळ आला.

“फार उद्धटपणा झाला का हो माझा?”

“अजून कमी पडतो,” मावशी म्हणाली. “आणि दुसऱ्या कडव्यात झांज जरा दाबून वाजव, माझा श्वास झाकला जातो. मंगळवारी दुपारी ये. एक गाणं आहे, खडूसने मला आयुष्यात कधी करू दिलं नाही. फार अवघड आहे म्हणायचा.”

“तुम्हाला?”

“त्याला,” मावशी म्हणाली, आणि बशीच्या कडेवर बोट आपटत सज्जनला त्या गाण्याची चाल सांगू लागली.